वारसा : घ्यावा किती, बदलावा किती?

वारसा हा शब्द कानी पडताच पेडणे-डिचोली भागातील मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती भाटाची वाटणी, आणि तिच्यामागोमाग कोर्टातले इन्व्हेंटरीचे प्रकरण. वारसा म्हणजे वाटून घ्यावयाची, आणि न जमल्यास भांडून घ्यावयाची वस्तू, अशी आम्हां सर्वांची समजूत होऊन बसली आहे. संगणकशास्त्राने मात्र हाच शब्द उचलून त्याला अगदी निराळा अर्थ दिला. तेथे बापाचे काही कमी होत नाही, भावंडांत वाटणी होत नाही, आणि प्रत्येक अपत्याला पालकाचे सर्वच्या सर्व मिळते. अशा वारशाचा कोणासही हेवा वाटावा! परंतु जे अनायासे मिळते त्याच्या वापरातच विवेक सुटतो, आणि पायथॉन भाषेत विद्यार्थी ज्या आज्ञावली लिहितात त्यांत हा विवेक आम्हांस क्वचितच आढळतो. म्हणून या एका विषयासंबंधी आमचे मत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांनी ही भाषा अद्याप हाती घेतलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. येथे क्लास म्हणजे नववी 'अ' नव्हे. गणपतीच्या मूर्तीला जसा साचा असतो तसा एका जातीच्या वस्तूंचा जो साचा, तो क्लास. आणि त्या वस्तूंना जी कामे करता येतात त्या मेथड. एका साच्यावरून दुसरा साचा काढता येतो. पहिला पालक, दुसरा अपत्य. ही कल्पना नॉर्वे देशात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार या दोघांनी 'सिम्युला ६७' या भाषेत प्रथम रुजविली. गीदो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथॉनने ती पुढे आपलीशी केली. अपत्याने पालकाचीच एखादी मेथड त्याच नावाने, परंतु आपल्या रीतीने पुन्हा लिहिली, तर त्यास ओव्हरराइड करणे म्हणतात. आणि असे पुन्हा लिहीत असतानाच पालकाच्या मूळ मेथडलाही हाक मारावयाची असेल तर त्या हाकेचे नाव 'सुपर'. आमचे सारे म्हणणे या एका हाकेभोवती फिरणारे आहे.

वारशाचा पहिला नियम शोधाचा. एखाद्या वस्तूस काम सांगितले की पायथॉन ती मेथड प्रथम त्या वस्तूच्या स्वतःच्या क्लासमध्ये पाहते. तेथे नसल्यास पालकाकडे, तेथेही नसल्यास त्या पालकाच्या पालकाकडे जाते. कोठेच न सापडली तर तक्रार करून थांबते. गोमंतकीयांना हे समजण्यास फार लांब जावयास नको. पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ सालची. ती १८७० पासून येथे लागू झाली. परंतु गोव्यातील हिंदूंच्या काही रूढी निराळ्या होत्या, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल तर १८व्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या नव्या काबिजादीतले. डिसेंबर १८८०च्या एका फर्मानाने अशा काही रूढींना मान्यता देण्यात आली. जेथे ते फर्मान बोलत असे तेथे फर्मान, जेथे ते मुके तेथे मूळ संहिता. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६२ साली भारताच्या संसदेने कायदा करून ठरविले की, पूर्वीचे कायदे सक्षम विधिमंडळ वा अधिकारी ते बदलीपर्यंत किंवा रद्द करीपर्यंत चालू राहतील. स्वतःचे असेल तर स्वतःचे, नसेल तर आलेले. पायथॉनच्या शोधाची रीत हीच.

स्वतःचे आले ते सावकाश. वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांविषयीचा गोव्याचा कायदा २०१२ सालचा. तो डिसेंबर २०१६मध्ये अमलात आला आणि जुन्या संहितेतील त्या विषयावरची कलमे त्याने दूर सारली. हे ओव्हरराइड करणेच झाले. पण त्यात जुने सगळे टाकले काय? नाही. आईबापांच्या मिळकतीचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव राहावा आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसावा, हे जुने तत्त्व नव्या कायद्यातही आहे. मात्र विधिमंडळाजवळ 'सुपर' नाही. जे ठेवावयाचे ते त्यास नव्या कायद्यात पुन्हा शब्दशः लिहून काढावे लागते. पायथॉन लिहिणाऱ्यास ही यातायात पडत नाही. त्याने हाक मारावयाची आणि पालकाचे काम पालकाकडून करून घ्यावयाचे.

या उदाहरणाचा आणखी एक पदर आहे, आणि तो आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. खुद्द पोर्तुगालने आपली संहिता १९६६ साली बदलली. नवी संहिता १९६७ पासून तेथे सुरू झाली. गोव्याला तिचा स्पर्शही झाला नाही. १९६१ साली जी संहिता येथे होती तीच येथे राहिली, कारण मुक्तीनंतर आपल्याकडे होती ती त्या संहितेची प्रत; तिचा पालकाशी असलेला जिवंत संबंध तुटलेला होता. स्वतंत्र देशाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु आज्ञावलीत मात्र हीच गोष्ट दोष ठरते. कित्येक विद्यार्थी पालक-क्लासमधील दहा ओळी उचलून अपत्यात चिकटवितात, त्यांत अकरावी ओळ आपली घालतात, आणि आपण वारसा घेतला असे मानतात. तो वारसा नव्हे, ती नक्कल. उद्या पालकातील एखादी चूक दुरुस्त झाली तर 'सुपर'ने हाक मारणाऱ्या अपत्यास ती दुरुस्ती त्याच क्षणी मिळते. नक्कल करणाऱ्याकडे जुनी चूक तशीच नांदत राहते. अशी सात अपत्ये असतील तर एक चूक सात ठिकाणी शोधत हिंडावे. नक्कल करण्याची ही सवय वहीतून संगणकात आली आहे, आणि तिची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही.

मग हाक मारावी कशी? याचे उत्तर आमच्या जत्रांतच आहे. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या गावागावांतून दशावतारी नाटक पाहिले नाही असा विद्यार्थी विरळा. पलीकडच्या सिंधुदुर्गातून पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा नावांच्या, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कंपन्या येतात. इकडचीही मंडळी रंगतात. रात्री प्रथम आडदशावतार : गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती नाचून जाते, संकासुर वेद पळवितो, लोकांना हसवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. हा भाग परंपरेने आलेला. त्यानंतर आख्यान, आणि आख्यानात कंपनीला सारी मोकळीक. पुराणातील कथा ठरलेली, पण संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. नट ते जागच्या जागी रचतात. आज एका गावात जे ऐकले ते उद्या शेजारच्या गावात शब्दशः ऐकू येईल असे नाही. आमच्या मते ओव्हरराइड करण्याचा हा उत्तम नमुना होय. 'दशावतार' हा पालक-क्लास, 'सादर करणे' ही त्याची मेथड. कंपनीचा प्रयोग हे अपत्य; ते 'सादर करणे' पुन्हा लिहिते, पहिल्या ओळीत 'सुपर'ने आडदशावतार करवून घेते, आणि दुसऱ्या ओळीपासून आपले आख्यान लावते.

अलीकडे वेळ नाही म्हणून आडदशावतार ठिकठिकाणी आखडता घेतला जातो. गणपतीपुरते काही केले की थेट आख्यान. प्रेक्षकांची झोप आणि सकाळची नोकरी आम्हांस ठाऊक आहे. तरीही संकासुर न पाहिलेली मुले दशावतार पाहिला असे सांगू लागली तर पालक-क्लासमध्ये लिहिलेले वाचील कोण? ही गोष्ट विषयाबाहेरची वाटेल, पण तशी ती नाही. 'सुपर'ची ओळ गाळल्याने आज्ञावली मोडून पडतेच असे नाही. पुष्कळदा ती चालत राहते, आणि काय गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कधी मात्र ध्यानात येते, आणि तेही भलत्या वेळी. वस्तू जन्मास येताना पायथॉन जी मेथड चालविते तिचे नाव 'इनिट', दोन्ही अंगांस दोन-दोन अधोरेषा असलेले. समजा, पालकाच्या इनिटमध्ये पायपेटी, पखवाज आणि झांज यांची तयारी केलेली आहे. अपत्याने आपले इनिट लिहिले, त्यात फक्त आख्यानाचे नाव नोंदविले, आणि पालकास हाक मारली नाही. जावा किंवा सी++ या भाषा अशा वेळी पालकाची जन्मवेळची तयारी आपण होऊन करून घेतात. पायथॉन तसे करीत नाही. अपत्याने स्वतःचे इनिट लिहिले म्हणजे पालकाचे इनिट चालणार नाही, असा तिचा सरळ हिशेब. गंमत अशी की, त्या क्षणी काहीही बिघडत नाही. प्रयोग उभा राहतो, पात्रे येतात, आणि मध्यरात्री कोणी पायपेटी मागताच 'ॲट्रिब्यूटएरर' अशी आरोळी उठते : या वस्तूजवळ पायपेटी नाही! चूक घरून निघताना झाली, बोभाटा जत्रेत झाला. विद्यार्थी पायपेटीच्या ओळीकडे टक लावून बसतो, कारण यंत्राने तीच ओळ दाखविलेली असते. खरी चूक शंभर ओळी वर, न लिहिलेल्या एका ओळीत असते. न लिहिलेले शोधून काढणे लिहिलेल्यापेक्षा किती कठीण, हे मुद्रितशोधन करणारास विचारावे.

यावरून कित्येक शिक्षक व पुस्तके असा नियमच घालून देतात की, ओव्हरराइड केले की पहिल्या ओळीत 'सुपर' लिहावे. हा नियम इनिटपुरता बहुधा बरा. सरसकट मात्र आम्हांस मान्य नाही. दशावतार पहाटे दहीकाल्याने संपतो. आख्यान चालू असताना कोणी दहीकाला आधी उरकून घेत नाही. ज्या मेथडचे काम आवराआवर करणे आहे तिच्यात अपत्याने आपला पसारा प्रथम आवरावा, आणि सर्वांत शेवटी पालकास हाक मारावी. कारण अपत्याचा पसारा पालकाच्या मांडणीवर उभा असतो, आणि खालची फळी आधी काढली तर वरचे सारे कोसळते. आज्ञावलीच्या चाचण्या घेण्यासाठी पायथॉनबरोबर जो 'युनिटटेस्ट' नावाचा संच येतो त्यातही हीच वहिवाट आहे : मांडणीच्या मेथडमध्ये 'सुपर' आरंभी, आवरण्याच्या मेथडमध्ये 'सुपर' अखेरीस. सिम्युला भाषेत तर 'इनर' नावाचा शब्द होता. तेथे पालक स्वतः आरंभ करी, मध्ये अपत्याला जागा देई, आणि शेवट पुन्हा आपण करी. आमच्या दशावतारी मंडळींना ती भाषा फार लवकर उमगली असती असे वाटते.

काही ठिकाणी हाक मुळीच मारू नये. पालकाने एखादी मेथड केवळ जागा राखण्यासाठी लिहिलेली असते. आत काही नसते, किंवा 'नॉट-इम्प्लिमेंटेड-एरर' हा एवढाच इशारा असतो की, हे काम अपत्याने करावयाचे आहे. आख्यानाचा प्रकार हाच. पालकाजवळ आख्यान नाही, ते आणावयाचे कंपनीने. तेथे सवयीने 'सुपर' लिहिणारा विद्यार्थी पालकाची ती सूचना स्वतःच्याच अंगावर ओढवून घेतो. पालकाने केलेले काम अपत्याला खरोखरच चुकीचे ठरत असेल तेथेही हाक न मारणे योग्य. परंतु मग विचारावे की, असे अपत्य त्या पालकाचे म्हणवून घ्यावे तरी कशाला? बार्बारा लिस्कोव्ह या विदुषीने १९८७ साली एका व्याख्यानात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. जेथे पालकाची अपेक्षा आहे तेथे अपत्य नेऊन उभे केले तरी काम बिघडता कामा नये. गावाने दशावतारास सुपारी दिली असता कंपनीने रात्रभर जादूचे प्रयोग केले, तर ते कितीही चांगले होवोत, गावाची फसवणूक झाली. सुपारी मात्र दशावताराच्याच नावाने घेतलेली असते.

हाक कोणाच्या नावाने मारावी हेही पाहिले पाहिजे. 'सुपर' लिहिण्याऐवजी चुकून 'सेल्फ' लिहिले तर मेथड स्वतःलाच बोलावते, ती पुन्हा स्वतःला, ती पुन्हा स्वतःला. सूत्रधाराने सूत्रधारास हाक मारावी आणि नाटक कधी सुरूच होऊ नये असा हा प्रकार. पायथॉन सामान्यतः १०००च्या आसपास अशा हाका सहन करते आणि मग 'रिकर्शनएरर' म्हणून पडदा पाडते. दुसरे काही विद्यार्थी पालकाचे नाव उघड घेऊन त्याची मेथड बोलावतात. एकच पालक असेल तोवर हे खपते. पण समजा, 'रंगभूमी' या क्लासची 'दशावतार' आणि 'संगीत नाटक' अशी दोन अपत्ये, आणि त्या दोघांचे मिळून 'संगीत दशावतार' हे नातवंड. दोन्ही अपत्यांनी रंगभूमीला नावाने हाक मारली तर रंगमंचावरची समई दोनदा लावली जाईल. 'सुपर'ने हे टळते, कारण 'सुपर' म्हणजे नेमका आपला पालक नव्हे. पायथॉन सर्व पूर्वजांची एक रांग लावते, आणि 'सुपर' म्हणजे त्या रांगेतील आपल्या पुढचा. या नातवंडाच्या रांगेत दशावताराच्या पुढे संगीत नाटक उभे असते, आणि त्याच्यामागून रंगभूमी, एकदाच. दशावताराचा क्लास लिहिणाऱ्यास संगीत नाटकाची कल्पनाही नसेल, तरी त्याची हाक योग्य ठिकाणी पोहोचते. रांग लावण्याची ही शिस्त पायथॉनने २००३ साली, २.३ या आवृत्तीत स्वीकारली. डिसेंबर २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'सुपर'च्या कंसात काही लिहावे लागत नाही; त्याआधी क्लासचे नाव आणि 'सेल्फ' दोन्ही लिहावी लागत, आणि त्यातही मुले चुकत.

गोवा शासनाच्या 'केअर्स' योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्स हे विषय आता शाळाशाळांत आले आहेत. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. भीती एवढीच की, भूगोलातील राजधान्या जशा पाठ होतात तसे 'सुपर'ही पाठ होईल. 'सुपर म्हणजे काय? एका वाक्यात उत्तर लिहा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवून पायपेटीवाचून प्रयोग उभा करणारे विद्यार्थी तयार झाले तर त्या गुणांना अर्थ काय? त्यापेक्षा शिक्षकांनी एक चालणारी पण 'सुपर' गाळलेली आज्ञावली द्यावी, आणि काय हरवले ते शोधावयास सांगावे. तास थोडा गोंगाटात जाईल, जाऊ द्यावा. अमुक मेथड अपत्याने ओव्हरराइड का केली, 'सुपर' आरंभी का, शेवटी का, किंवा मुळीच का नाही, हे प्रत्येकाने त्या मेथडच्या वर टीप म्हणून लिहावे. ऑक्टोबर २०२३मध्ये निघालेल्या ३.१२ या आवृत्तीत 'ओव्हरराइड' अशी खूणच मेथडच्या डोक्यावर लिहिण्याची सोय झाली आहे. पालकाच्या मेथडचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले तर पायथॉन तिला नवीच मेथड समजते आणि जुनी गुपचूप चालू ठेवते. ही खूण असेल तर आज्ञावली तपासणारी साधने तशी चूक दाखवून देतात. मात्र ती साधने वेगळी चालवावी लागतात, आज्ञावली चालताना पायथॉन आपण होऊन अडवीत नाही.

आणखी एक सूचना. तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनमध्ये क्लासची आणि मेथडची नावे देवनागरीत देता येतात. भाषेचे स्वतःचे ठरीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतात. तेव्हा पुस्तकातील कुत्रा, मांजर आणि मोटारगाडी यांच्यावर थांबण्याचे कारण नाही. पुढील जत्रेपूर्वी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी 'दशावतार' हा पालक-क्लास आपल्या हाताने लिहावा, त्याच्या 'सादर करणे' या मेथडमध्ये आडदशावतारातील पात्रे क्रमाने आणावीत, आणि गावात येणाऱ्या प्रत्येक कंपनीसाठी एकेक अपत्य-क्लास करावा. पात्रांचा क्रम ठाऊक नसेल तर तो घरातील आजोबांना विचारावा लागेल.